भिंतीच्या सांगाड्याला लाकूड किती लागेल? घनफूट नंतर, आधी नग मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर आहे. गच्चीवर एक खोली वाढवायची आहे, पण खालच्या भिंती जुन्या, म्हणून वर वीटकाम नको असं इंजिनिअरने सांगितलं. तेव्हा लाकडी सांगाडा उभा करून दोन्ही बाजूंनी बोर्ड मारायचे ठरलं. समोरची भिंत १६ फूट लांब आणि ९ फूट उंच. तिच्यात ३ बाय ७ चं एक दार आणि ४ बाय ४ ची एक खिडकी. मिस्त्री म्हणतो ८ घनफूट लाकूड पुरेल, लाटीवाला, म्हणजे लाकडाच्या वखारीचा मालक, म्हणतो २० घ्या. खरं कोणाचं?

दोघांचंही नाही. माझ्या हिशेबाने साडेचौदा घनफूट. हा आकडा कसा आला ते नीट सांगतो, कारण उरलेल्या तीन भिंतींचा हिशेब तुम्हालाच करायचा आहे. मी या कामात बडोद्यात तीस वर्षांच्या वर आहे, आणि लाकूड कमी पडणं आणि उरणं या दोन्ही गोष्टी माझ्या गिऱ्हाइकांच्या खिशाला किती लागतात ते पाहिलेलं आहे.

आधी इंजिनिअरचं म्हणणं किती बरोबर आहे ते सांगतो, म्हणजे खर्च कशासाठी करतोय हे मनात पक्कं राहील. दार-खिडकी सोडली तर तुमची भिंत १०७ चौरस फूट भरते. साडेचार इंची विटेची केली तर तिचं वजन दोन टनांच्या थोडं वर जाईल. हीच भिंत पाइनच्या सांगाड्याची केली, तर सुकं लाकूड दोनशे किलोच्या आसपास आणि बोर्ड धरून सगळं मिळून अर्धा टन. जुन्या घराच्या माथ्यावर हा फरक फार मोठा आहे. तरी खालच्या तुळया आणि भिंती इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि महानगरपालिकेची रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) हातात आल्याशिवाय लाटीत पाऊल टाकू नका.

आता मिस्त्रीचे ८ कुठून आले ते पाहू. त्याने १६ फुटांत १६-१६ इंचांवर उभे (उभी लाकडं) धरले, म्हणजे १३ नग, प्रत्येकी साडेआठ फूट. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मिळून ३२ फूट. बेरीज साधारण १४२ फूट, ४ बाय २ इंचांच्या हिशेबाने ८ घनफूट. ऑफिसातलं पार्टिशन असंच करतात. त्याच्यावर छप्पर नसतं, वारा नसतो, पाऊस नसतो, म्हणून ते चालतं. तुमची भिंत छप्पर डोक्यावर घेणार आहे. शिवाय दार-खिडकीभोवती जे लाकूड लागतं त्यातलं एकही नग त्याच्या हिशेबात नाही. लाटीवाल्याने ५ बाय २ चं लाकूड आणि १२ इंचांवर उभे धरले असावेत. तसं केलं की बेरीज बरोबर २० च्या आसपास जाते. त्याला वाईट म्हणत नाही, त्याने सुरक्षित बाजूने सांगितलं. पण एका मजल्याच्या, हलक्या छपराच्या खोलीला एवढं लाकूड नको.

दोघांनी आकडा सांगितला, पण भिंत कोणीच काढून दाखवली नाही. माझं पहिलं सांगणं हेच आहे. चौकटीच्या वहीचं पान घ्या, एक चौकोन म्हणजे ४ इंच धरा, आणि अख्खी भिंत पेन्सिलने काढा. एकेक उभा, एकेक तुकडा. मग ते मोजा. घनफूट ही बिलाची भाषा आहे. भिंत नगांची असते.

हे मी गज्जर समाजातल्या एका वयस्क सुताराकडून शिकलो. माझे वडील मला त्यांच्याकडे उमेदवारीला घेऊन गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. गज्जर हे आडनावच गजधर, म्हणजे हातात गज (मोजपट्टी) धरणारा, यावरून आलेलं. आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन (तंत्रशिक्षणाची शाळा) काढलं तेव्हा ते उभं करणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हेही सुतारांच्याच घरातले. माझे उस्ताद शाळा फार शिकले नव्हते. पण गज जमिनीला लावायच्या आधी ते खडूने फरशीवर भिंत काढायचे, आणि ती पुरी झाल्याशिवाय कोणाला करवत धरू द्यायचे नाहीत.

चला, काढू तुमची भिंत.

उंची ९ फूट, म्हणजे १०८ इंच. ही उंची सिमेंटच्या ओट्यावरून मोजा, गच्चीच्या लादीवरून नव्हे. गच्चीवर खालची पट्टी थेट लादीवर ठेवली की पहिल्याच पावसाळ्यात ती पाणी पिते. चार इंच उंचीचा काँक्रीटचा ओटा भिंतीखाली ओतायचा, त्यावर डांबरी फेल्टचा थर, आणि मग पट्टी. खाली एक पट्टी आणि वर दोन, अशा तीन पट्ट्या, प्रत्येकी २ इंच जाड. १०८ मधून ६ वजा केले की उभ्याची लांबी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. वरची पट्टी दुहेरी का? छपराची कडी (छप्पर पेलणारं आडवं लाकूड) प्रत्येक वेळी उभ्याच्या बरोबर डोक्यावर येईल असं नसतं. दोन उभ्यांच्या मध्ये आली तर एकेरी पट्टी वाकते. दुसरं कारण म्हणजे दोन पट्ट्यांचे सांधे वेगवेगळ्या जागी ठेवले की भिंत लांबीला एकसंध राहते, आणि कोपऱ्यात वरची पट्टी शेजारच्या भिंतीवर चढवून दोन्ही भिंती कुलपासारख्या जखडता येतात.

उभ्यांचं अंतर १६ इंच, मध्यापासून मध्यापर्यंत. हा आकडा बोर्डावरून आला आहे. प्लाय आणि सिमेंट बोर्ड ८ बाय ४ चे, जिप्सम बोर्ड ६ बाय ४ चा. रुंदी सगळ्यांची ४ फूट, ४८ इंच. ४८ ला १६ ने भाग जातो, २४ नेही जातो, म्हणून प्रत्येक बोर्डाची कड एखाद्या उभ्याच्या मध्यावर पडते आणि शेजारचा बोर्ड त्याच उभ्याच्या उरलेल्या एका इंचावर बसतो. १५ किंवा १८ इंच अंतर घेतलं तर दर बोर्डाला कड कापावी लागेल. २४ इंच अंतरही चालतं, लाकूड वाचतं, पण पातळ बोर्ड मध्ये पोटात जातो, आणि खिळा ठोकताना भिंत थरथरते. राहत्या घराला मी १६ च ठेवतो.

१९२ भागिले १६ म्हणजे १२, अधिक पहिला एक, झाले १३. इथपर्यंत मिस्त्री बरोबर होता.

आता दार आणि खिडकी. इथे बहुतेक माणसं उलटं चालतात. भिंतीचं क्षेत्रफळ काढतात, त्यातून दार-खिडकीचं क्षेत्रफळ वजा करतात आणि म्हणतात, तेवढं लाकूड कमी. वीटकामात हे बरोबर आहे. सांगाड्यात दार-खिडकी आली की लाकूड वाढतं. तुमची हीच भिंत बिनदाराची, बिनखिडकीची असती तर कटाईची तूट न धरता पावणेअकरा घनफूट लागलं असतं. दार-खिडकीसकट सव्वातेराच्या आसपास लागतं. कारण मधले उभे कापले की त्यांचा भार बाजूला वळवावा लागतो. त्यासाठी वर तुळई हवी, तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू हवेत आणि टेकूंना लागून पूर्ण उंचीचे उभे हवेत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. १९९४ साली, स्वतंत्र काम घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी, एका गच्चीवरच्या खोलीचा अंदाज मी चौरस फुटांवरून दिला आणि खिडक्या वजा केल्या. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुळईला लाकूड कमी पडलं. पुढचे दोन दिवस सगळ्या लाट्या बंद, आणि गिऱ्हाइकाला बोर्ड मारून हवे होते. मी उरलेले दोन तुकडे जोडून तुळई केली, सांधा बरोबर खिडकीच्या मध्यावर. आषाढात छप्पर भिजून जड झालं, सांधा चार सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) खाली आला आणि खिडकीची झडप चौकटीत अडकली. ती भिंत मी स्वखर्चाने उघडून पुन्हा केली. त्या दिवसापासून तुळईचं लाकूड मी सगळ्यांत आधी लिहितो.

तुमच्या दाराची चौकट ३ फुटांची, तर सांगाड्यातली जागा ३७ इंच ठेवा. बाजूला चार-चार सूत पाचर मारून ओळंब्यात आणायला लागतात. उंची ८५ इंच. खिडकीची जागा ४९ बाय ४९, आणि तिचा माथा दाराच्याच माथ्याला, ८५ इंचांवर.

जागा ठरवताना एक युक्ती करा. दार किंवा खिडकी दोन-चार इंच इकडेतिकडे सरकवून तिची एक बाजू १६ च्या फुलीवर, म्हणजे १६-१६ इंचांवरच्या एखाद्या उभ्याच्या खुणेवर, आणा, म्हणजे तिथला मूळचा उभाच बाजूचा उभा होतो आणि एक नग वाचतो. तुमच्या भिंतीत डावीकडून ३२ इंचांच्या फुलीवरचा उभा दाराचा डावा उभा करा. त्याला लागून टेकू, मग ३७ इंच जागा, मग टेकू, मग नवा उभा. मधले ४८ आणि ६४ चे दोन उभे गेले, एक नवा आला. खिडकीला ११२ च्या फुलीवरचा उभा डावा करा. मधले १२८, १४४ आणि १६० चे तीन गेले, उजवीकडे एक नवा आला. म्हणजे १३ मधून २ गेले, १ आला, ३ गेले, १ आला. राहिले १०. कोपऱ्यात आतल्या बोर्डाची कड अडकवायला एक जादा उभा लागतो. चार कोपऱ्यांना चार, म्हणजे प्रत्येक भिंतीच्या वाट्याला एक. झाले ११. साडेआठ फुटांचे ११ नग, साडेत्र्याण्णव फूट.

टेकू चार. ८५ मधून खालच्या पट्टीचे २ गेले, ८३ इंच, सात फुटांचे ४ नग. २८ फूट.

तुळई ६ बाय २ ची, दोन नग उभ्या कडेने शेजारी शेजारी. दाराला ३७ अधिक दोन टेकूंचे ४, म्हणजे ४१ इंच, साडेतीन फुटांचे २. खिडकीला ५३ इंच, साडेचार फुटांचे २. ६ बाय २ चे एकूण १६ फूट.

इथे जरा थांबतो, कारण अलीकडे मोबाइलवर परदेशी कामं बघून मुलं येतात आणि म्हणतात, काका, दोन फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाची प्लाय राहिली. तिकडे ज्याला २ बाय ४ म्हणतात तो प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो. दोन फळ्या मिळून ३ इंच होतात, भिंत साडेतीनची, म्हणून मध्ये अर्धा इंच भरतात. आपल्याकडे लाटीतून पूर्ण २ इंच चिरून घेतलेल्या दोन फळ्या बरोबर ४ इंच होतात. मध्ये प्लाय घातली तर तुळई भिंतीबाहेर चार सूत येईल आणि बोर्ड तिथे फुगेल. त्यांची मापं त्यांच्या लाकडाला बरोबर आहेत. आपण पद्धत घ्यावी, आकडे आपल्या लाकडावरून काढावेत.

तुळईच्या वर आखूड उभे लागतात. तुळईचा माथा ९१ इंचांवर, वरच्या पट्टीचं पोट १०४ वर, मधे १३ इंच. दारावर २, खिडकीवर ३, मूळच्याच फुल्यांवर, म्हणजे बोर्डाची कड चुकणार नाही. ५ नग, साडेपाच फूट. खिडकीखाली ३२ इंचांचे ५, साडेतेरा फूट. खिडकी जिच्यावर बसते ती पट्टी साडेचार फूट. खाली-वरच्या तीन पट्ट्या ४८ फूट. दारापुरती खालची पट्टी नंतर कापून काढायची असते, पण हिशेबात ती वजा करू नका, उभं करताना ती अखंड असली की भिंत गुण्यात (काटकोनात) राहते. उरले आडवे तुकडे. एक ओळ ४ फुटांवर, उभे पिळू नयेत म्हणून. दुसरी ८ फुटांवर, कारण ८ फुटी बोर्ड उभा लावला की वरच्या एका फुटाचा जोड तिथे येतो आणि त्या जोडाला मागे लाकूड नसेल तर प्लास्टरला भेग ठरलेली. दोन्ही ओळी मिळून २० फूट.

साडेत्र्याण्णव, अठ्ठावीस, साडेपाच, साडेतेरा, साडेचार, अठ्ठेचाळीस, वीस. बेरीज २१३ फूट, ४ बाय २ ची.

आता कुठे घनफूट. रुंदी इंचांत गुणिले जाडी इंचांत गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. ४ बाय २ ला ८ भागिले १४४, म्हणजे १८ फुटांना एक घनफूट. ६ बाय २ ला १२ फुटांना एक. हे दोन आकडे पाठ करा, बाकी कशाला कॅल्क्युलेटर लागत नाही. २१३ भागिले १८ म्हणजे ११.८. १६ भागिले १२ म्हणजे १.३. एकूण १३.१ ते १३.२. त्यात दहा टक्के तूट: करवतीचा भुसा, टोकाला गेलेली चीर, गाठीशी फुटलेला एखादा नग. झाले साडेचौदा.

पडताळा बघा: भिंत १४४ चौरस फूट, लाकूड साडेचौदा. दहा चौरस फूट भिंतीला एक घनफूट. एक दार, एक खिडकी असलेल्या, ४ बाय २ च्या भिंतीला हा ठोकताळा मी कायम लावतो. तुमच्या बाकीच्या भिंतींचा हिशेब याच्यापासून फार लांब गेला तर कुठेतरी नग सुटलाय किंवा दोनदा धरलाय असं समजा. पण ठोकताळा फक्त पडताळ्यासाठी. त्याच्यावरून माल मागवू नका.

झोपाळ्याचं तुम्ही लिहिलं नाही, तरी विचारतो. बडोद्यात नवी खोली म्हटली की आजीसाठी म्हणा, पोरांसाठी म्हणा, झोपाळा येतोच. तो छपराच्या तुळईला टांगणार असाल तर ती तुळई ज्या जागी या भिंतीवर टेकेल तिथे एकट्या उभ्यावर भागणार नाही. तिथे तीन उभे एकत्र ठोकून खांब करा. म्हणजे साडेआठ फुटांचे आणखी २ नग, जवळपास एक घनफूट. हा खांब दार किंवा खिडकीच्या तुळईवर येता कामा नये. गीझर, एसी, देवघराची फळी यांच्याही जागा आत्ताच ठरवा आणि तिथे उभ्यांच्या मध्ये आडवी फळी ठोकून ठेवा. बोर्ड मारल्यावर मागे लाकूड घालता येत नाही.

आता लाटी. तुम्ही पैसे ४ बाय २ चे देता, पण पट्टी हातात घेऊन टेप लावा. पुष्कळदा पावणेचार बाय पावणेदोन निघते. दोन-दोन सूत कमी, त्यात काय, असं वाटतं. ४ गुणिले २ म्हणजे ८, आणि पावणेचार गुणिले पावणेदोन म्हणजे साडेसहाच्या थोडं वर. १८ टक्के लाकूड गेलं. साडेचौदाचे पैसे दिले आणि घरी बाराच्या आत आलं. पैशांपेक्षाही मला दुसरी काळजी असते: दोन फळ्यांची तुळई मग ४ ऐवजी साडेतीन इंचांची होते, आणि तीन पट्ट्यांत मिळून सहा सूत कमी झाल्यामुळे १०२ इंचांचा उभा लावलेली भिंत तेवढी बुटकी होते. चार भिंतींचं लाकूड दोन खेपांत, दोन मापांचं आलं तर छपराची कडी डगमगणार. म्हणून सगळ्या खोलीचं लाकूड एकाच वेळी, एकाच करवतीतून चिरून घ्या. लाटीवाल्याला आधीच सांगा की माप चिरल्यानंतरचं हवं. चांगला लाटीवाला हे ऐकून घेतो, कारण मोजून घेणारं गिऱ्हाईक पुन्हा येतं.

कोणी अख्खा ओंडका घ्या, स्वस्त पडेल म्हणालं तर एका भिंतीसाठी त्या वाटेला जाऊ नका. ओंडक्याचं माप घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग गुणिले लांबी असं घेतात. ४८ इंच घेराचा १२ फुटी ओंडका या रीतीने १२ घनफूट भरतो, खरं लाकूड सव्वापंधरा असतं. सालीची आणि कडेची तूट त्यात आधीच धरलेली आहे. पण त्यातून ४ बाय २ चे सरळ नग किती निघतील हे ओंडका चिरल्यावरच कळतं, आणि ते सांगायला नजर तयार असावी लागते.

लाकूड कोणतं? उभ्यांना पाइन पुरतो. परदेशातून कांडल्याला येतो, गांधीधामला चिरला जातो, आणि आपल्याकडे सहज मिळतो. पण तो वाळवीचा आवडता आहे. औषध लावलेला घ्या, आणि कापल्यावर प्रत्येक ताज्या टोकाला पुन्हा औषध पाजा. टोकाकडूनच वाळवी आणि पाणी आत शिरतं. खालच्या पट्टीला आणि तुळईला मात्र मी साग वापरतो. नवा वलसाडी साग महाग, पण आपल्या शहरात जुनी घरं उतरतात तेव्हा शंभर-शंभर वर्षांच्या कड्या मिळतात. असा साग पूर्ण आकसून झालेला असतो, आता तो फारसा हलत नाही. घेताना लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर करवतवाला चिरायला नकार देईल आणि त्याचं बरोबर असेल. लाकडी सांगाडा किती टिकतो याची शंका घरातल्या मोठ्यांना असेल तर त्यांना रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात घेऊन जा. एकोणिसाव्या शतकातलं काम आहे. लोक भिंतींवरची चित्रं बघतात. तुम्ही खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे बघा.

ओल हा विषय मी हलक्यात घेत नाही. ताजं चिरलेलं पाइन हाताला थंड लागतं, वजनाला जड असतं, खिळा मारला की कडेने पाणी दिसतं. असं लाकूड लांबीत आकसत नाही, जाडीत आकसतं. तुमच्या तीन पट्ट्यांची मिळून जाडी ६ इंच. वाळताना त्यातले दोन सूत सहज जातात. उभे तेवढेच राहतात, भिंत दोन सूत बसते, आणि बोर्डाच्या वरच्या जोडाला लांबच्या लांब भेग पडते. मग दोष रंगाऱ्याला जातो. भट्टीत सुकवलेलं घ्या, किंवा माल लवकर आणून सावलीत, खाली विटा आणि मधेमधे पट्ट्या घालून, वारा खेळेल असा रचून ठेवा. काम होळीनंतर काढा आणि पाऊस लागायच्या आत बाहेरचे बोर्ड मारून घ्या.

एक गोष्ट तुमच्या शेजाऱ्यांसाठी, कारण हे वाचून कोणी तळमजल्यावर असा सांगाडा करायला निघेल. विश्वामित्रीला पूर येतो त्या भागात तळमजल्यावर मी हे काम करून देत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मी अशा भिंती उघडल्या आहेत. बोर्ड बाहेरून धुऊन पुसून स्वच्छ केलेले, आत खालची पट्टी बोटाने उकरता येत होती. गच्चीवर तुम्हाला ही भीती नाही.

माल आला की पहिलं काम: खालची आणि वरची पट्टी शेजारी शेजारी, कडा जुळवून जमिनीवर ठेवा. टेप भिंतीच्या बाहेरच्या टोकाला अडकवा. पहिली रेघ १५ इंचांवर, १६ वर नाही, कारण उभ्याचा मध्य १६ वर यायचा आहे आणि तो २ इंच जाड आहे. पुढे ३१, ४७, ६३ असं. गुण्या लावून रेघ दोन्ही पट्ट्यांवर एकदमच ओढा आणि उभा ज्या बाजूला बसणार तिथे फुली मारा. फुली नसेल तर निम्मे उभे रेघेच्या डावीकडे आणि निम्मे उजवीकडे बसतात, आणि बोर्ड लावताना कळतं. टेकूच्या जागी गोल काढा. पट्ट्यांचे सांधे ८ फुटांवर घ्या, तिथे ९६ च्या फुलीवर आपला उभा आहे. सगळ्यांत वरच्या पट्टीचा सांधा मात्र ४ फुटांवर, म्हणजे दोन सांध्यांत ४ फुटांचं अंतर राहील.

आणि दहा टक्के तूट म्हणजे लाटीवाल्याला नुसतं थोडं जास्त द्या सांगायचं नाही. कोणता नग जास्त हवा तेही आपणच लिहायचं. समोरच्या भिंतीची चिठ्ठी मी तुम्हाला लिहून देतो, हीच त्याच्या हातात द्या: ४ बाय २, चिरल्यानंतरचं पूर्ण माप, साडेआठ फुटी १२ नग, सात फुटी ४, आठ फुटी ४, बारा फुटी १, चार फुटी १, साडेचार फुटी १, आणि आखूड-आडव्या तुकड्यांसाठी दहा फुटी ५. ६ बाय २, साडेतीन फुटी २, साडेचार फुटी ३. सागाचे नग: आठ फुटींपैकी २, म्हणजे खालची पट्टी, आणि ६ बाय २ चे सगळे. एकूण १४.६ घनफूट. बाकीच्या तीन भिंती काढून झाल्या की त्यांचे कागद आणि खिडक्यांची मापं मला दाखवा, मालाचे पैसे देण्याआधी.